किफिन, एलएसयू आणि निष्ठा: कॉलेज फुटबॉलमधले प्रशिक्षक थांबतात कधी, जातात कधी?

शनिवारवाला
अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा प्रशिक्षक लेन किफिन याने ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडल्यापासून तीन-चार धाग्यांवर तुकड्यातुकड्यांत चर्चा चालू आहे. म्हणून सगळं एका जागी.

आधी घटनाक्रम, कारण वाद त्यावरच आहे. २८ नोव्हेंबर २०२५ ला ओल मिसने एग बोल या राज्यातल्या वैऱ्यांच्या सामन्यात मिसिसिपी स्टेटला ३८-१९ हरवलं आणि साखळी हंगाम ११-१ असा संपवला. प्लेऑफमधली (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांमधली) जागा जवळपास पक्की. ३० नोव्हेंबरला, रविवारी, किफिन एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेला. सात वर्षं, वर्षाला साधारण १३ मिलियन डॉलर. त्याला प्लेऑफपर्यंत ओल मिसचा संघ सांभाळायचा होता. ओल मिसच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, म्हणजे ॲथलेटिक डायरेक्टर, कीथ कार्टर यांनी नकार दिला आणि डिफेन्स बघणाऱ्या पीट गोल्डिंगला मुख्य प्रशिक्षक केलं.

आता तारखा बघा. हायस्कूलच्या मुलांनी विद्यापीठांशी सह्या करायचा मुख्य दिवस ३ डिसेंबर. प्लेऑफची पहिली फेरी १९-२० डिसेंबर. ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) २ जानेवारीला उघडणार होतं. ज्या विद्यापीठाला नवा प्रशिक्षक हवा, त्याला तो ३ डिसेंबरच्या आत हवा, नाहीतर येणारी अख्खी बॅच हातची जाते. ज्याच्याकडे प्रशिक्षक आहे, त्याचा हंगामातला सगळ्यात मोठा सामना त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी. ही कात्री कुणाच्या स्वभावातून आलेली नाही, वेळापत्रकातून आली आहे. किफिनच्या जागी दुसरा कुणी असता तरी त्या रविवारी त्याला निर्णय द्यावाच लागला असता.

माझं मत: प्रशिक्षक थांबणार की जाणार हे नोव्हेंबरमध्ये ठरत नाही. आदल्या जानेवारीत करारात काय लिहिलं, सहायकांच्या पगाराला किती ठेवले आणि खेळाडूंसाठी किती, त्यावर ठरतं. मतभेद असतील तर जरूर लिहा.

अनघा_नॉक्सव्हिल
वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, पण किफिनला त्याचा फायदा देऊ नका. १२ जानेवारी २०१० ला तो टेनेसी सोडून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) गेला तेव्हा प्लेऑफ नव्हता, बोल सामनाही (हंगामाअखेरचा खास सामना) होऊन गेला होता. एकच हंगाम, ७-६, आणि रात्री अचानक पत्रकार परिषद. विद्यार्थी रस्त्यावर आले, गाद्या जाळल्या. त्या वेळी सह्यांचा दिवस फेब्रुवारीत असायचा, म्हणजे तीन आठवड्यांवर. टेनेसीच्या हातात नवा माणूस शोधायला वेळच उरला नाही.

चाहत्यांचा राग माणूस जातो म्हणून नसतो हो. लोक बदली समजू शकतात. सोडून जाण्याची वेळ आणि जाताना खेळाडूंना काय सांगितलं, यावर राग ठरतो.

करारवाचक
धागा चांगला काढलात. करारावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बातमीत फक्त वार्षिक आकडा येतो आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा असतो.

सरकारी विद्यापीठांचे करार माहिती अधिकारासारख्या राज्य कायद्याखाली मागता येतात. नोत्र दाम, यूएससी ही खासगी, त्यांचे मिळत नाहीत. तिथे करविवरणातून पगाराचा आकडा कळतो, तोही उशिरा. करार हाती आला की या क्रमाने वाचा.

पहिलं, विद्यापीठाने काढलं तर काय देणं लागतं. उरलेल्या पगाराचे किती टक्के, एकरकमी की महिन्याला. टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशरला नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलं तेव्हा हिशोब ७६ मिलियनच्या वर गेला. १९ मिलियनच्या आसपास पहिल्या साठ दिवसांत, मग २०३१ पर्यंत दर वर्षी सुमारे ७.२ मिलियन.

दुसरं, वजावट आहे का. म्हणजे काढलेल्या प्रशिक्षकाला दुसरी नोकरी मिळाली तर तिथला पगार आपल्या देण्यातून वजा होतो का, आणि नोकरी शोधणं त्याच्यावर बंधनकारक आहे का. फिशरच्या करारात वजावट नव्हती. तो उद्या कुठेही नोकरीला लागला तरी ए अँड एमचा हप्ता चालूच. याउलट पेन स्टेटने १२ ऑक्टोबर २०२५ ला जेम्स फ्रँकलिनला काढलं, देणं ४९ मिलियनच्या घरात. नोव्हेंबरात व्हर्जिनिया टेकने त्याला घेतलं आणि पेन स्टेटचं प्रकरण ९ मिलियनवर मिटलं. चाळीस मिलियनचा फरक, आणि मुळाशी एक कलम. हे कलम नसतं तर फ्रँकलिनशी वाटाघाटी करायला पेन स्टेटकडे काहीच नव्हतं.

तिसरं, प्रशिक्षक स्वतः गेला तर तो काय देणं लागतो. हा आकडा दर वर्षी उतरत जातो. तो कोणत्या तारखेला उतरतो ते जरूर बघा. तारीख डिसेंबरच्या सुरुवातीला असली तर अफवांना नेमका तेव्हाच ऊत येतो. ही रक्कम प्रत्यक्षात नवं विद्यापीठच भरतं, त्यामुळे ती प्रशिक्षकाला रोखत नाही, नव्या मालकाची किंमत वाढवते. केलन डिबोअर जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून अलाबामाला गेला तेव्हा वॉशिंग्टनला १२ मिलियन मिळाले. अलाबामाला तो आकडा जड नव्हता.

चौथं, ‘कारणासह’ काढण्याची व्याख्या. मिशिगन स्टेटने नोव्हेंबर २०२१ मध्ये मेल टकरला दहा वर्षांचा ९५ मिलियनचा पूर्ण हमीचा करार दिला. एलएसयूची जागा तेव्हा रिकामी होती आणि त्याचं नाव चर्चेत होतं. पुढच्याच हंगामात संघ ५-७. निव्वळ खराब खेळासाठी त्याला काढणं परवडणारं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये गैरवर्तनाच्या तक्रारीनंतर कारणासह काढलं, तेव्हाच ते देणं थांबलं. आरोप त्याने नाकारले होते.

पाचवं, सहायकांच्या पगाराचा निधी. हे लोक वाचतच नाहीत. मुख्य प्रशिक्षकाला १३ मिलियन आणि सहायकांना तुटपुंजं, असा करार म्हणजे दोन वर्षांत दोन्ही कोऑर्डिनेटर (ऑफेन्स आणि डिफेन्स बघणारे मुख्य सहायक) दुसरीकडे आणि मागे फक्त मोठा पगार.

विदर्भी_वाघ
करारवाचक, उत्तम. एक भर: मिसिसिपी राज्यात सरकारी विद्यापीठाला प्रशिक्षकाशी चार वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करता येत नाही. ओल मिसने दर वर्षी मुदत पुढे ढकलत नेली तरी कागदावर चारच वर्षं. शेजारच्या लुइझियानात सात-दहा वर्षांची हमी मिळते. पगार सारखा केला तरी हमीची एकूण रक्कम कशी सारखी करणार? किफिनच्या प्रकरणात हे फार कमी लोकांनी विचारात घेतलं.

पण शनिवारवाला, निष्ठा नसतेच असं नाही. जो पेटर्नोने १९७३ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाची मोठी ऑफर आधी जवळपास स्वीकारून मग नाकारली आणि पेन स्टेटला राहिला. कर्क फेरेंट्झ १९९९ पासून आयोवात आहे. डिसेंबर २०२५ मध्ये पेन स्टेट बीवाययूच्या (ब्रिगम यंग विद्यापीठ) कलानी सिटाकेच्या मागे होतं. तो स्वतः बीवाययूचा जुना खेळाडू. थांबला.

शनिवारवाला
सिटाकेचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, वाघसाहेब. तो थांबला तेव्हा विद्यापीठाभोवतीचे उद्योजक उघडपणे पुढे आले होते, आणि नुसता त्याचा पगार वाढवायला नाही. सहायक आणि खेळाडू यांच्यासाठीचा पैसा हाही बोलण्यांचा भाग होता. प्रेम होतंच, पण त्या प्रेमाला पैशाची जोड मिळाली.

मला यापेक्षा जास्त विचार करायला लावणारं उदाहरण रिच रॉड्रिगेझचं आहे. वेस्ट व्हर्जिनियाचाच माणूस, त्याच विद्यापीठात खेळलेला. डिसेंबर २००६ मध्ये अलाबामाने विचारलं, त्याने नाही म्हटलं, अख्खं राज्य आनंदलं. (त्यानंतर अलाबामा निक सेबनकडे वळलं.) एका वर्षात चित्र पालटलं. १ डिसेंबर २००७ ला राष्ट्रीय अंतिम सामन्याच्या दारात असताना घरच्या मैदानावर पिट्सबर्गकडून ९-१३ हार, आणि दोन आठवड्यांनी हाच माणूस मिशिगनला. बायआउट, म्हणजे करार मोडून जाताना भरायची रक्कम, ४ मिलियन. तो द्यायला नकार, विद्यापीठाकडून खटला, जुलै २००८ मध्ये तडजोड: मिशिगनने २.५ आणि त्याने १.५ मिलियन भरायचे.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्यालाच परत आणलं.

मिशिगनकर
रॉड्रिगेझ प्रकरणातून विद्यापीठांनी घेतलेला धडा बारीक आहे, म्हणून लिहितो. तोपर्यंत बायआउट हा शोभेचा आकडा समजला जायचा. वेस्ट व्हर्जिनियाने वसूल करून दाखवला. त्यानंतर रक्कम कोण भरणार, किती दिवसांत, नव्या विद्यापीठाने भरली तर चालेल का, हे सगळं स्पष्ट लिहायची पद्धत पक्की होत गेली.

अजून एक कलम हवं: इतरत्र बोलणी सुरू करण्याआधी ॲथलेटिक डायरेक्टरला कळवणं. बहुतेक करारांत असतं, पण प्रशिक्षक स्वतः बोलतच नाही, त्याचा एजंट बोलतो. जिमी सेक्स्टन हा एकच एजंट सेबन, फिशर, किफिन या सगळ्यांचा. एका बाजूला रिकामी जागा, दुसऱ्या बाजूला तिथे जाऊ शकणारा माणूस आणि तिसरीकडे त्या चर्चेमुळे पगारवाढ मागणारा माणूस, असं सगळं एका टेबलावरून चालतं. त्यामुळे ‘मी कुणाशीही बोललेलो नाही’ हे प्रशिक्षकाचं वाक्य अक्षरशः खरं असू शकतं आणि तरीही करार ठरलेला असू शकतो.

अनघा_नॉक्सव्हिल
त्या वाक्यांवरूनच: लिंकन रायली २७ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री म्हणाला की तो एलएसयूचा प्रशिक्षक होणार नाही. दुसऱ्या दिवशी यूएससीला गेला. शब्दशः खोटं बोलला नाही. सेबनने डिसेंबर २००६ मध्ये मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघात असताना अलाबामाला जाणार नाही असं स्वच्छ सांगितलं आणि ३ जानेवारी २००७ ला गेला. नकार वाचताना बघायचं ते हे: ‘या विद्यापीठात पुढच्या हंगामात मी असेन’ असं म्हटलंय, की फक्त एका जागेला नाही म्हटलंय?

नीलिमा_नाशिक
सगळ्यांचे प्रतिसाद वाचते आहे. एक प्रश्न विचारते, आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचे पालक हे विचारतात. इतके मिलियन येतात कुठून? परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून जातात का?

करारवाचक
नीलिमाताई, रास्त प्रश्न आहे. मोठ्या विद्यापीठांत ॲथलेटिक विभागाचं अंदाजपत्रक वेगळं असतं. उत्पन्न मुख्यतः तीन वाटांनी: परिषदेकडून (विद्यापीठं ज्या गटात खेळतात त्याच्याकडून) येणारा टीव्ही हक्कांचा वाटा, तिकिटं आणि त्यांच्यासोबत सक्तीची असलेली देणगी, आणि बड्या देणगीदारांचे पैसे. देणग्या बहुधा वेगळ्या प्रतिष्ठानातून येतात. ए अँड एमचं ट्वेल्थ मॅन फाउंडेशन, एलएसयूचं टायगर ॲथलेटिक फाउंडेशन. टकरच्या करारामागेही दोन देणगीदारच होते.

लहान विद्यापीठांत मात्र विद्यार्थ्यांकडून ॲथलेटिक फी घेतात आणि तिथे ती उत्पन्नाचा मोठा भाग असू शकते. प्रवेश घेण्याआधी फीच्या तपशीलात ‘स्टुडंट ॲथलेटिक फी’ अशी वेगळी ओळ आहे का ते बघायला सांगा. सरकारी विद्यापीठात ती छापलेली असते.

जुलै २०२५ पासून नवा खर्च आला आहे: न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्यातल्या तडजोडीनुसार विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा २०.५ मिलियन, सगळे खेळ मिळून. काढलेल्या प्रशिक्षकाचे हप्ते आणि हे, दोन्ही त्याच देणगीदारांच्या खिशातून.

प्रसाद_द
म्हणूनच एलएसयूचं आश्चर्य वाटतं. ब्रायन केलीला २६ ऑक्टोबर २०२५ ला काढलं, देणं साधारण ५४ मिलियन. राज्यपालांनी जाहीरपणे करारावर टीका केली, काही दिवसांत ॲथलेटिक डायरेक्टर स्कॉट वुडवर्डही गेले. केलीला कोर्टात जावं लागलं. आणि महिन्याभरात त्याच विद्यापीठाचा नवा सात वर्षांचा करार. ओल मिस प्लेऑफमध्ये जिंकत गेली त्याबद्दल किफिनला तिथे राहून जो बोनस मिळाला असता, तोही एलएसयू देणार!

शनिवारवाला
हेच वुडवर्ड २०१७ मध्ये ए अँड एमला होते, फिशरचा दहा वर्षं-७५ मिलियनचा पहिला करार त्यांच्याच काळातला. २०२१ ची मुदतवाढ मात्र त्यांच्यानंतरची आहे आणि ए अँड एमला महागात पडली ती तीच. २०२० मध्ये ९-१ असा हंगाम, माणूस हातचा जाईल ही भीती, म्हणून २०३१ पर्यंत हमी. फिशर ’२१, टकर ’२१, फ्रँकलिन ’२१: तिन्ही मोठे करार एकाच पावसाळ्यानंतर उगवले आणि तिघांनाही मुदतीच्या अर्ध्याआधी काढलं. भीतीपोटी दिलेल्या मुदतवाढीत विद्यापीठाकडे मागायला काहीच उरत नाही. वजावट मागितली की एजंट म्हणतो, दुसरीकडे कुणी मागत नाहीये.

इंडियानाने कर्ट सिग्नेटीला ऑक्टोबर २०२५ मध्ये आठ वर्षांचा, वर्षाला ११.६ मिलियनच्या आसपासचा करार दिला, पेन स्टेटची जागा रिकामी झाल्यावर चारच दिवसांत. हीसुद्धा घाईच, पण हंगामाच्या मध्यावर, नोव्हेंबरच्या लिलावाआधी. जानेवारीत इंडियाना राष्ट्रीय विजेती झाली. वेळ साधली.

विदर्भी_वाघ
प्लेऑफमध्ये किफिनला राहू द्यायला हवं होतं का, यावर कुणी बोललंच नाही. जॉन समरॉल ट्युलेनमधून फ्लोरिडाला गेला, पण ट्युलेनने त्याला प्लेऑफसाठी ठेवलं. जेम्स मॅडिसननेही यूसीएलएला निघालेल्या बॉब चेस्नीला ठेवलं. आणि योगायोग असा की ट्युलेनची पहिली फेरी ओल मिसशीच होती. एका बाजूला जाणारा प्रशिक्षक, दुसऱ्या बाजूला उरलेला. ओल मिस ४१-१० जिंकली.

मिशिगनकर
ट्युलेन आणि ओल मिस, दोन्ही विद्यापीठांचे निर्णय बरोबर होते असं माझं मत. ट्युलेन आणि फ्लोरिडा एका परिषदेत नाहीत, दर वर्षी समोरासमोर येत नाहीत. एलएसयू आणि ओल मिस एसईसी या एकाच परिषदेतले जुने वैरी. किफिन आणखी तीन-चार आठवडे ओल मिसच्या इमारतीत राहिला असता तर २ जानेवारीला पोर्टल उघडताना प्रत्येक खेळाडूची माहिती, पगार, नाराजी सगळं प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य प्रशिक्षकाकडे असतं. कार्टर यांनी तेच रोखलं. पण ऑफेन्स बघणारा चार्ली वाइस धाकटा एलएसयूला जाणार असूनही त्याला प्लेऑफसाठी परत येऊ दिलं, कारण क्वार्टरबॅक ट्रिनिडाड चॅम्ब्लिसला चालींची नवी भाषा शिकवायला वेळ नव्हता. ओल मिसने जॉर्जियाला ३९-३४ हरवलं, उपांत्य फेरीत मायामीकडून २७-३१ हरली.

हंगामी प्रशिक्षकाखाली काय होतं ते मुख्यतः यावरच ठरतं: चाली सांगणारा माणूस टिकला का? वेस्ट व्हर्जिनिया रॉड्रिगेझशिवाय बिल स्टुअर्टच्या हाताखाली ओक्लाहोमाला ४८-२८ हरवून आली. केलीने डिसेंबर २००९ मध्ये १२-० असलेलं सिनसिनाटी सोडलं. त्यांचा ऑफेन्स केली स्वतः चालवायचा. फ्लोरिडाने २४-५१ धुतलं.

प्रसाद_द
विमानांचा माग काढणाऱ्यांविषयी पण लिहा कुणीतरी. नोव्हेंबर आला की कोण कुणाला भेटायला गेलं ते ओळखायला सगळे विमानांचे नोंदणी क्रमांक शोधत बसतात.

करारवाचक
त्याची सुरुवात समजण्यासाठी २००३ बघा. ऑबर्नचे अध्यक्ष आणि ॲथलेटिक डायरेक्टर विमानाने गुपचूप लुईव्हिलचा प्रशिक्षक बॉबी पेट्रिनोला भेटायला गेले, आयर्न बोल (अलाबामाशी होणारा वार्षिक सामना) दोन दिवसांवर असताना आणि त्यांचा स्वतःचा प्रशिक्षक टॉमी ट्युबरव्हिल पदावर असताना. बातमी फुटली, ट्युबरव्हिल टिकला, अध्यक्षांनाच पद सोडावं लागलं.

आज माग काढताना चुका कुठे होतात: विमान विद्यापीठाचं नसून देणगीदाराच्या कंपनीचं असतं आणि तो माणूस स्वतःच्या कामाला गेलेला असतो, नोव्हेंबरात बास्केटबॉलचे सहायकही खेळाडू बघायला फिरतात, आणि मालकाने विनंती केली तर विमानाची ओळख सार्वजनिक प्रक्षेपणातून लपवता येते, म्हणजे जे दिसतं ते बहुधा बिनमहत्त्वाचं. एका उड्डाणावरून काही ठरवू नये. तेच विमान परत येताना तिसऱ्या शहरात थांबलं, आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या मंडळाने तातडीची बैठक लावली, तर लक्ष द्यावं. सरकारी विद्यापीठाला बैठकीची सूचना आधी जाहीर करावी लागते. ती सूचना विमानापेक्षा भरवशाची.

अनघा_नॉक्सव्हिल
चाहते नेमणूक थांबवू शकतात, हेही नोंदवायला हवं. २६ नोव्हेंबर २०१७, रविवार. टेनेसीने ग्रेग शियानोशी समझोतापत्र केल्याची बातमी आली. पेन स्टेटमधल्या त्याच्या जुन्या दिवसांवरून आक्षेप घेतले गेले, जे त्याने कायम नाकारले आहेत. कॅम्पसवरच्या खडकावर रंगवलं गेलं, राज्याचे आमदार बोलले, संध्याकाळपर्यंत नेमणूक बारगळली. समझोतापत्रावर डायरेक्टर जॉन करी यांची सही होती, चॅन्सलरची नव्हती. आठवड्याच्या आत करीही बाजूला.

पण पुढचं बघा: जेरेमी प्रुइट आले आणि जानेवारी २०२१ मध्ये खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांवरून गेले. नेमणूक थांबवणं चाहत्यांच्या हातात होतं, पुढची निवड चांगली करणं नव्हतं.

विदर्भी_वाघ
आणि हे आजचं नाही. १९५७ मध्ये टेक्सस ए अँड एम ८-०, देशात पहिल्या क्रमांकावर. त्यांचा प्रशिक्षक बेअर ब्रायंट अलाबामाला परत निघाल्याची बातमी फुटली आणि संघ राइसकडून ६-७ हरला. उरलेले सामनेही गेले. पोर्टल नव्हतं, एजंट नव्हते, मिलियन तर नव्हतेच.

नीलिमा_नाशिक
मग खेळाडूंचं काय होतं प्रशिक्षक गेल्यावर? त्यांना लगेच जाता येतं का?

मिशिगनकर
पूर्वी प्रशिक्षक गेल्यापासून तीस दिवस मिळायचे, म्हणजे नवा माणूस कोण हे कळायच्या आत मुलं निघून जायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियम बदलला: नवा प्रशिक्षक आल्यानंतर पाच दिवसांनी पंधरा दिवसांची मुदत. सुधारणा आहे. आधी नव्या माणसाला भेटता येतं. पण किफिनसारख्या प्रसंगात जुना प्रशिक्षक आणि त्याचे अर्धे सहायक प्रतिस्पर्धी विद्यापीठात बसून त्याच मुलांची वाट बघत असतात.

साखळीही लक्षात घ्या. जानेवारी २०२४ मध्ये सेबन निवृत्त झाला. वॉशिंग्टनचा डिबोअर अलाबामाला, ॲरिझोनाचा जेड फिश वॉशिंग्टनला, सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन ॲरिझोनाला. आठवड्याभरात चार लॉकर रूम. सॅन होजेतल्या मुलांनी सेबनला कधी पाहिलंही नसेल.

शनिवारवाला
यावर ॲथलेटिक डायरेक्टरांना आजच्या नियमांत करता येण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. प्रशिक्षकाने भरायची बायआउट रक्कम ज्या दिवशी उतरते, ती तारीख १ डिसेंबर लिहूच नये. ‘त्या हंगामातला संघाचा शेवटचा सामना संपल्यानंतरचा दिवस’ असं लिहावं, आणि त्याआधी गेल्यास रक्कम दुप्पट. नवं विद्यापीठ तरीही भरेल, पण ते पैसे निदान उरलेल्या सहायकांना आणि खेळाडूंना त्याच आठवड्यात देता येतील. सोबत सहायकांच्या करारातही तीच तारीख हवी. नाहीतर मुख्य प्रशिक्षक महाग आणि त्याच्याबरोबर जाणारे सहा जण फुकट, असं होतं. करारवाचक, असं कलम कुठल्या सरकारी करारात सापडलं तर इथे जरूर टाका.

करारवाचक
टाकतो. मंडळांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या बैठकांत नवे करार मंजुरीला येतील, ते बघून लिहीन.